कांदा वाळतो, सडतो, कोंबतो: चाळीतल्या नुकसानीचा हिशोब आणि विकिरणाचं खरं काम

कांद्याचे भाव चढले की बातम्यांत एक शब्द हमखास येतो: विकिरण, म्हणजे कांद्यातून गॅमा किरणं सोडणं. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने सुमारे एक लाख टन कांद्यावर विकिरण करून तो साठवण्याचा बेत बोलून दाखवला. त्याच वर्षी राज्य सरकारने ‘कांदा महाबँक’ जाहीर केली, तिचाही सगळा भर विकिरणावर. तेव्हापासून नाशिकमध्ये या विषयावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, आता कांदा सडायची कटकट मिटली. कुणी म्हणतं, अणुभट्टीतला कांदा आता आपल्या पोह्यांत पडणार.

गंमत म्हणजे नाशिक जिल्ह्याला हे तंत्र नवं नाहीच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, २००२ पासून आहे. दोन दशकं उलटून गेली, तरी निफाड, चांदवड, येवल्याच्या बहुतेक चाळींतल्या, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवांतल्या, कांद्याने त्या केंद्राचं तोंडही पाहिलेलं नाही. शेतकरी अडाणी म्हणून असं झालं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने चाळीत कांद्याचं नेमकं काय होतं ते आधी बघावं.

मुळात कांदा साठवायचा कशाला?

महाराष्ट्रात कांदा वर्षातून तीनदा निघतो. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या आसपास बाजारात यायला लागतो. त्याच्या मागोमाग जानेवारी-फेब्रुवारीत रांगडा येतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत काढला जातो. लाल कांद्यात पाणी जास्त आणि पत्ती, म्हणजे वरचं कोरडं साल, पातळ, त्यामुळे तो महिनाभर टिकला तरी खूप झालं. टिकतो तो उन्हाळ. देशात पिकणाऱ्या एकूण कांद्यापैकी सुमारे ७० टक्के कांदा या रब्बी हंगामातला असतो.

जून ते ऑक्टोबर या काळात दक्षिणेकडून थोडा लवकर येणारा माल सोडला, तर देशभरच्या कढयांत पडणारा कांदा चाळीतून निघालेला असतो. दिल्लीतला ग्राहक सप्टेंबरमध्ये जो कांदा चिरतो, तो एप्रिलमध्ये सटाण्याच्या किंवा कळवणच्या एखाद्या वावरातून उपटलेला असू शकतो. मधले पाच महिने तो कुणीतरी सांभाळलेला असतो, आणि सांभाळणारा बहुतेक वेळा शेतकरीच असतो.

उपटलेला कांदा जिवंत असतो

गहू-तांदूळ पोत्यात भरून ठेवले की ते निवांत पडून राहतात, कारण त्यांच्यात पाणी जेमतेम १२-१३ टक्के असतं. कांद्यात ते ८५ टक्क्यांच्या वर असतं. शिवाय कांदा श्वास घेत असतो: हवेतला प्राणवायू घेतो, आतली साखर जाळतो, ऊब आणि वाफ बाहेर टाकतो. एका कांद्याची ऊब आपल्या हाताला जाणवत नाही. पाच फूट उंच रचलेल्या ढिगाच्या पोटात हात घातला की मात्र जाणवते.

हा सगळा खटाटोप कांदा स्वतःसाठी करतो. त्या मांसल पाकळ्या म्हणजे पुढच्या हंगामात फुलाचा दांडा वर काढायला साठवलेली शिधा. कांदा पक्व झाला की काही काळ निजतो, त्याला सुप्तावस्था म्हणतात. आपल्याकडच्या चांगल्या रब्बी वाणांत ती साधारण दोन-तीन महिने टिकते. ती संपली आणि हवा मानवली, की पोटातला कोंब जागा होतो.

तीन नुकसानी, तीन ऋतू

‘कांदा खराब झाला’ असं आपण सरसकट म्हणतो. चाळीत मात्र तीन वेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्या घडायच्या वेळाही वेगळ्या आहेत.

एप्रिल-मेमध्ये कांदा वाळतो. पारा चाळिशीला टेकलेला आणि हवा कोरडी, त्यामुळे पाणी उडतं आणि वजन घटतं. बाजारात याला ‘घट’ म्हणतात. कांदा दिसायला ठणठणीत असतो, काट्यावर हलका भरतो इतकंच.

जून ते ऑगस्टमध्ये कांदा सडतो. हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते आणि बुरशी व जिवाणूंचं फावतं. पत्तीखाली काळी भुकटी दिसते ती काजळी, काळ्या बुरशीची. मानेतून आत शिरलेल्या जिवाणूंनी कांदा आतून मऊ होतो. वरून धड दिसतो, दाबला की मानेतून पाणी येतं. हे पाणी खालच्या कांद्यांवर ठिबकतं आणि सड पसरत जाते. चाळीत असा कांदा डोळ्यांच्या आधी नाकाला सापडतो. अनुभवी माणूस चाळीशेजारून चालता चालता थांबतो आणि बांबूच्या फटीत हात घालून नेमक्या जागचे चार कांदे बाहेर काढतो.

सप्टेंबरपासून पुढे कांदा कोंबतो. पाऊस ओसरतो, रात्री गार व्हायला लागतात, सुप्तावस्था कधीच संपलेली असते. कोंब आला की कांदा आतून पोकळ होऊ लागतो, कारण कोंब ती शिधाच खात असतो. वजनही झपाट्याने उतरतं.

या तिन्हींची बेरीज उन्हाळ कांद्यात साधारण २५ ते ४० टक्के होते, असं सरकारी आणि संशोधन संस्थांच्या कागदांत वर्षानुवर्षं येतं. साल, वाण आणि पाऊस यांवर आकडा वरखाली होतो.

‘तिसरा हिस्सा कांदा वाया’ म्हणजे किती अन्न वाया?

इथे बातम्यांची हमखास गफलत होते. समजा, १०० क्विंटल कांदा चाळीत भरला आणि त्यातला ३० क्विंटल ‘गेला’. त्यातला १५ क्विंटल नुसता वाळण्यात गेला असेल, तर शेतकऱ्याच्या खिशातून ते पैसे गेले हे खरं. पण हवेत गेलं ते पाणी. खाणाऱ्याच्या ताटातलं फारसं काही कमी झालं नाही, उलट कांदा थोडा दाटच झाला. कोंबलेला कांदाही खाता येतो, फक्त बाजारात त्याला कुणी विचारत नाही. खऱ्या अर्थाने मातीत जातो तो सडका कांदा.

टिकाऊ शेतीच्या हिशोबात हा फरक मोठा आहे. चाळीत दहा क्विंटल कांदा सडला, की तो पिकवायला विहिरीतून उपसलेलं पाणी, पंपाची वीज, युरिया, फवारण्या आणि बायांनी वाकून केलेली लागवड, सगळं त्याच्याबरोबर उकिरड्यावर जातं. एकरी १०० क्विंटल उतारा धरला तर दहा क्विंटल म्हणजे चार गुंठ्यांचं पीक. युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतो, तोही त्यात आलाच. उतारा आणखी वाढवायच्या गप्पा आपण फार मारतो. पण सड निम्मी केली तर कमी जमिनीत, कमी पाण्यात तितकाच कांदा लोकांपर्यंत पोचतो आणि त्यासाठी नवं बियाणं वा नवं खत लागत नाही.

तेव्हा कुठलाही उपाय समोर आला की आधी एक प्रश्न विचारावा: हा तिन्हींपैकी कशावर आहे?

विकिरण नेमकं काय करतं?

कोबाल्ट-६० या धातूतून सतत गॅमा किरणं निघत असतात. जाड काँक्रीटच्या भिंतींआड हा कोबाल्ट ठेवलेला असतो आणि कांद्याने भरलेली खोकी त्याच्या भोवतीने ठरावीक वेगाने फिरवून बाहेर आणली जातात. कांदा कोबाल्टला शिवतसुद्धा नाही, किरणं फक्त आरपार जातात.

मात्रा मोजायचं एकक ‘ग्रे’: एक किलो वस्तूत एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. कांद्याला साधारण ३० ते ९० ग्रे पुरतात. ही ऊर्जा इतकी थोडी आहे की ६० ग्रे घेतलेल्या कांद्याचं तापमान एका अंशाच्या शंभराव्या हिश्शाने, फार तर दोन शतांशाने वाढतं. कांदा शिजत नाही, कोमटसुद्धा होत नाही.

मग परिणाम कशाचा? कांद्याच्या बुडाशी, अगदी मध्यावर, इवलासा कोंब असतो. वाढायचं तर त्याच्या पेशींना सतत विभागावं लागतं. गॅमा किरणं पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. साठवणीच्या पाकळ्यांना आता विभागायचं नसतं, त्यामुळे त्यांचं अडत नाही. कोंबाचं मात्र तिथेच संपतं. असा कांदा काही महिन्यांनी उभा चिरला तर बुडाशी मध्यावर बारीक तपकिरी डाग दिसतो. तो त्या मेलेल्या कोंबाचा. पाहणाऱ्याला वाटतं कांदा किडला, पण तसं काही नसतं.

इतकंच काम आहे: कोंब थांबवणं. कोंबामुळे शेवटी-शेवटी उतरणारं वजनही त्याने वाचतं. पण उन्हाळ्यात वाळणं त्याने थांबत नाही आणि पावसाळ्यातली सड तर अजिबात नाही. बुरशी-जिवाणू मारायचे तर हजारो ग्रे लागतात. मसाल्यांना आपल्याकडे ६ ते १४ हजार ग्रे द्यायला परवानगी आहे, ती त्याचसाठी. तेवढी मात्रा कांद्याला दिली तर कांद्याचाच लगदा व्हायला लागेल. मानेत ओल राहिलेला कांदा विकिरण करून ठेवला तर तो कोंब न येता सडतो, एवढाच फरक.

पण कांदा किरणोत्सर्गी होत नाही का?

नाही होत. कुरडया दिवसभर उन्हात वाळवल्या म्हणून रात्री त्या डब्यात उजेड पाडत नाहीत. ऊन येतं, आपलं काम करतं, जातं. गॅमा किरणांचंही तसंच आहे.

वस्तू स्वतः किरणोत्सर्गी व्हायची तर तिच्या अणूंचे गाभे बिघडावे लागतात. कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन या अन्नातल्या नेहमीच्या अणूंचे गाभे बिघडवायला याच्या निदान सात-आठ पट ऊर्जा लागते. म्हणजे किरणं रासायनिक बंध तोडू शकतात, गाभ्याला हात लावू शकत नाहीत.

‘बरं, किरणोत्सर्गी नाही, पण आत काही विषारी तयार होत असेल तर?’ हा प्रश्न वाजवी आहे, आणि त्यावर खूप तपासणी होऊन गेली आहे. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये निष्कर्ष दिला की सरासरी १० हजार ग्रेपर्यंतच्या मात्रेने अन्नात विषबाधेचा धोका निर्माण होत नाही. कांद्याला लागते ती मात्रा त्याच्या एक टक्क्याहूनही कमी. भारतात कांद्याच्या विकिरणाला नव्वदच्या दशकातच मान्यता मिळाली. विकिरण केलेल्या पाकीटबंद मालावर तसा मजकूर आणि हिरवं गोल चिन्ह छापावं लागतं.

भीती पूर्ण निराधार आहे असंही नाही, ती फक्त चुकीच्या जागी लागलेली आहे. माणसाच्या सगळ्या शरीरावर एकदम चार-पाच ग्रे पडले तर जीव जाऊ शकतो, आणि कांद्याला त्याच्या कितीतरी पट देतात. तेव्हा जपायचं आहे ते केंद्रात काम करणाऱ्यांना. भिंती, कुलपं आणि परवाने याबाबत कडक राहायला हवं. खाणाऱ्याला काळजीचं कारण नाही.

मग लासलगावचं केंद्र कांद्याने ओसंडून का वाहत नाही?

कारणं अगदी व्यवहारी आहेत. विकिरण कांदा निजलेला असतानाच करावं लागतं. कोंब जागा झाल्यावर केंद्रात नेऊन उपयोग नाही. म्हणजे एप्रिल, मे, जून हेच महिने हाताशी. नेमके याच महिन्यांत हापूस येतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने लासलगावच्या केंद्राला आंब्यासाठी मान्यता दिली आणि त्याच वर्षी विकिरण केलेला भारतीय आंबा अमेरिकेला जायला लागला. तिथे हेतू वेगळा, कोयीतल्या किडीचा बंदोबस्त करायचा, आणि मात्रा निदान ४०० ग्रे. कांद्यासाठी बांधलेल्या केंद्राचं नाव आंब्याने केलं. त्यात अन्याय काही नाही: आंब्याची पेटी जेवढ्याला जाते, तेवढ्यात कांद्याच्या कित्येक गोण्या येतात.

दुसरं, कोबाल्ट सुट्टी घेत नाही. त्याची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, मग तुम्ही वापरा की वापरू नका. वर्षातले तीन महिने गर्दी आणि नऊ महिने शुकशुकाट असं चाललं तर खर्च निघत नाही. बाकीचे महिने मसाले किंवा इतर काही माल मिळाला तरच गणित बसतं.

आणि तिसरं, मला सर्वात पटणारं कारण हाताळणीचं आहे. वावरातला कांदा ट्रॉलीत, ट्रॉलीतला खोक्यांत, खोक्यांतून केंद्रात, तिथून पुन्हा ट्रॉलीत आणि मग चाळीत. प्रत्येक वेळी कांदा आपटतो. आपटलेल्या जागी पत्तीखाली डाग पडतो आणि पावसाळ्यात सड तिथूनच सुरू होते. कोंबाचं नुकसान वाचवायला निघावं आणि सडीला आमंत्रण द्यावं, असा हा सौदा व्हायचा. त्यात लासलगावच्या बाजारात हंगामात एका दिवसाला १५-२० हजार क्विंटल आवक होते. एवढ्या ओघापुढे एक केंद्र कुठे पुरणार.

ज्याला कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पलीकडे न्यायचा आहे त्याच्यासाठी विकिरण कामाचं आहे: सरकारी राखीव साठा, मोठे साठवणदार, लांबच्या देशांत माल पाठवणारे. ऑगस्टमध्ये चाळ फोडणाऱ्या शेतकऱ्याने ते केलं काय नि न केलं काय.

सरळ शीतगृह बांधा ना!

ही सूचना दर वर्षी येते, बहुधा ज्याने बटाट्याचं शीतगृह पाहिलंय त्याच्याकडून. कांद्याची चाल विचित्र आहे. शून्य ते दोन अंशांत तो कोंबत नाही, पंचवीस-तीस अंशांतही सहसा कोंबत नाही, मधल्या दहा ते वीस अंशांत मात्र जोरात कोंबतो. म्हणजे अर्धवट गारवा हा सगळ्यांत वाईट. शून्याजवळ न्यायचा तर वीज भरपूर लागते. बटाट्याला ९० टक्क्यांवर आर्द्रता हवी, कांद्याला ६५-७०. त्यामुळे एकाचं शीतगृह दुसऱ्याला चालत नाही.

तरीही ठेवला, तर बाहेर काढल्यावर पंचाईत. गार कांद्याला बाहेरच्या हवेत घाम फुटतो, ओल धरते आणि दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसायला लागतात. विकिरण आणि शीतगृह एकत्र केलं तर हा शेवटचा अडथळा दूर होतो, कारण कोंबच उरत नाही. सरकारी बेतांत दोन्ही गोष्टी जोडीने येतात त्या यामुळे. तंत्र म्हणून हे बरोबर आहे. पण दहा-पंधरा रुपये किलोच्या मालावर किलोमागे किती खर्च परवडतो, तिथे गाडी अडते.

सुकवून भुकटी करा, हाही सल्ला ऐकू येतो. सुकवणीच्या कारखान्यांना पांढरा, घट्ट रसाचा कांदा लागतो. गुजरातेत महुव्याला तो उद्योग त्यावरच उभा आहे. आपल्या नाशिकच्या तांबड्या कांद्यात घन भाग ११ ते १३ टक्के. एक किलो काप करायला नऊ-दहा किलो कांदा सुकवावा लागतो.

सड थांबते ती वावरात

आता ज्यावर बातम्या होत नाहीत त्या गोष्टींकडे येऊ. पावसाळ्यात कोणता कांदा सडणार, हे बरंचसं मार्च-एप्रिलमध्येच ठरलेलं असतं.

पहिलं म्हणजे युरिया. नत्र जास्त आणि उशिरा पडलं की पात माजते, मान जाड होते, कांदा फुगतो. लिलावात ढीग भरदार दिसतो, पण जाड मान वाळत नाही आणि रोग आत शिरतो तो बहुतेक मानेतूनच. रब्बी कांद्याला नत्राचे वरचे हप्ते लागवडीनंतर ३० आणि ४५ दिवसांनी देऊन संपवावेत, ६० दिवसांनंतर देऊच नये, अशी शिफारस आहे. पाळतात किती? दुकानदार ‘एक गोणी टाकाच’ म्हणतो, शेजाऱ्याचं पीक हिरवंगार दिसतं, हात राहवत नाही. गंधकाचं उलट आहे: ते टिकवणीला मदत करतं आणि तेच कमी पडतं.

दुसरं पाणी. काढणीआधी साधारण पंधरा ते वीस दिवस पाणी तोडावं लागतं. विहिरीला पाणी आहे म्हणून शेवटचं पाणी देऊन वजन वाढवण्याचा मोह होतो. ते वजन मेमध्ये उडून जातं आणि जाता जाता पत्ती सैल करून जातं.

तिसरं, काढायची वेळ. निम्म्या रोपांच्या माना आपसूक मोडून पडल्या की कांदा तयार. माना पडणं म्हणजे झाडाने पातीतला रस कांद्यात उतरवून वरचा पुरवठा बंद केल्याची खूण. मजूर मिळाले म्हणून आधीच काढला तर मान हिरवी राहते. उशीर केला तर पत्ती गळून कांदा चोपडा होतो.

मग सुकवणं. उपटलेला कांदा पातीसकट वावरातच तीन-चार दिवस पसरायचा, तोही असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल आणि कांदा उन्हाने भाजणार नाही. नंतर मानेला पीळ देऊन, इंच-दीड इंच मान ठेवून पात कापायची. मग सावलीत दहा-बारा दिवस. मान चिमटीत धरून फिरवली आणि आत काही निसटल्यासारखं वाटलं नाही, कागदासारखी कोरडी चुरली, की कांदा चाळीत जायला लायक. हे दहा-बारा दिवसच बहुतेकांच्या हातून सुटतात. सावली कुठून आणायची हा प्रश्न असतो, आभाळ भरून येतं, मजुरांची टोळी पुढच्या गावाला निघालेली असते. २०२५ मध्ये मे महिन्यातच पावसाने झोडपलं, तेव्हा काढून वावरात पडलेला कांदा जागीच भिजला. असा कांदा जगातल्या कुठल्याही यंत्रात घातला तरी टिकत नाही.

म्हणून माझं मत असं, की गावागावांत कांदा सुकवायला साधी छपरं आणि झाकायला चांगला प्लॅस्टिकचा कागद मिळाला, तर पैशामागे जितका कांदा वाचेल तितका मोठ्या केंद्राने वाचणार नाही. छपराचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत, ही त्याची अडचण.

आणि चाळ?

चाळीचं तत्त्व एकच, कांद्याला सगळीकडून हवा लागली पाहिजे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, तळाला फटी, बाजूंना बांबू किंवा जाळी, रुंदी साधारण चार फूट, ढिगाची उंची पाच फुटांच्या आत. एकपाखी, म्हणजे एका ओळीची चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दोन ओळींची दोनपाखी पूर्व-पश्चिम, म्हणजे वारं नीट खेळतं. जागा वाचवायला सात-आठ फूट ढीग लावला की मधला कांदा घुसमटतो आणि तळाचा दबतो. छपराला पत्रा असेल तर मेमध्ये वरचा थर भाजून निघतो. त्यावर उसाचं पाचट टाकलं तरी फरक पडतो.

भरताना निवड करावी. जोडकांदा, डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) कांदा, जाड मानेचा, आपटलेला, हे आधी विकून टाकावेत. गोल्टी वेगळी ठेवावी, कारण बारीक कांदा मोठ्या कांद्यांमधल्या फटी भरून हवा अडवतो.

पंचवीस टनांपर्यंतच्या चाळींना फलोत्पादन अभियानातून अनुदान मिळत आलं आहे आणि त्यामुळे जिल्ह्यात चाळी वाढल्या, हे मान्य केलंच पाहिजे. फक्त अनुदान क्षमतेवर मोजलं जातं. त्या चाळीतून चार महिन्यांनी किती कांदा धड निघाला हे कुणी विचारत नाही. तळातून पंख्याने हवा देणाऱ्या चाळी आणि सडीचा वायू ओळखणारे सेन्सर आता येऊ लागले आहेत. माझ्या मते हे विकिरणापेक्षा आधी हवं, कारण ते सडीवर चालतं.

पण शेतकऱ्याला यातून काय मिळतं?

समजा, एप्रिलमध्ये भाव १,२०० रुपये क्विंटल आहे. कांदा ठेवला आणि ३० टक्के घट झाली, तर नुसती बरोबरी व्हायला सुमारे १,७१५ रुपये भाव लागतो. घट २० टक्क्यांवर आणली तर १,५०० पुरतात. मजुरी आणि व्याज अजून धरलेलं नाही. घट कमी झाली की भाव पडला तरी शेतकरी थोडा कमी बुडतो. हा फायदा पक्का आहे.

जास्त भाव मिळेल हा फायदा मात्र पक्का नाही. सगळ्यांचाच कांदा चांगला टिकला तर ऑक्टोबरमध्ये बाजारात माल जास्त येईल आणि दिवाळीआधीची तेजी बसेल. ग्राहकाला बरं, साठवणाऱ्याला नाही. त्यात निर्यातीचं धोरण. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबरमध्ये थेट बंदी, मे २०२४ मध्ये ती अटींसह उठली, आणि शुल्क पुरतं गेलं ते एप्रिल २०२५ मध्ये. चाळीत पाच महिने कांदा ठेवणाऱ्याने कोणता भाव धरून बसायचं? बुरशीपासून वाचलेला कांदा एका अधिसूचनेने मातीमोल होतो, हे त्याने पाहिलंय. चांगल्या साठवणीवर तो पैसे का घालत नाही, याचं निम्मं उत्तर यात आहे.

घरातल्या कांद्याचं काय?

वर जे चाळीला लागू तेच टोपलीला. उघड्या टोपलीत, हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवलेला कांदा आठवड्यात ओल धरतो. फ्रीजमध्ये अख्खा कांदा नको: तिथे ओलही असते आणि बाहेर काढला की कोंब यायची घाई होते. बटाट्यांपासून लांब ठेवा, त्यांची ओल कांद्याला लागते. एकदम दहा किलो घ्यायचे तर उन्हाळ कांदाच घ्या, मान बारीक आणि सुकलेली बघून. पावसाळ्यात टोपलीतला मऊ कांदा आधी बाजूला काढा. काजळी फक्त वरच्या पत्तीवर असेल तर ते थर सोलून, कांदा धुऊन वापरायला हरकत नाही. आतल्या पाकळीपर्यंत काळं गेलेलं असेल किंवा बूड मऊ लागत असेल तर टाकून द्या.